आत्याच्या भिंतीवरचं इंद्रजाल आणि हाजीअलीचं बटण

मंडळी, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंट. 'पोवळं' आणि 'प्रवाळ' हे एकाच गोष्टीचे दोन शब्द आहेत हे मला अठराव्या वर्षी कळलं, आणि तेही आजी खूप हसल्यावर! त्यामुळे या लेखातलं शुद्धलेखन तिने तपासलंय, विज्ञान मी. चूक कुठली सापडते त्यावरून कोणाला धरायचं ते ठरवा.

विषय समुद्राच्या तळाचा असला तरी गोष्ट सुरू होते लालबागला, एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. तिथे माझी आत्या राहते. दर गणपतीत आमच्या होस्टेलची अर्धी गँग तिच्याकडे धाड टाकते. मेसच्या डाळीतून सुटका आणि उकडीचे मोदक, यापुढे लालबागची गर्दी काहीच नाही. गेल्या वर्षी अकोल्याच्या एका मित्राने (सिव्हिल, माझ्याच बॅचचा) मोदक खाता खाता भिंतीकडे बोट दाखवलं. "आत्या, हे कोणतं झाड आहे हो?"

दाराच्या वर काचेची फ्रेम. आत लाल कापडावर एक काळं, जाळीदार, पंख्यासारखं पसरलेलं काहीतरी. मी ते लहानपणापासून बघत आलेय आणि कधीच 'बघितलं' नव्हतं.

"इंद्रजाल आहे ते," आत्या म्हणाली. "समुद्रातली वनस्पती असते. घराला नजर लागत नाही. दादरहून आणलं होतं, बारा-तेरा वर्षं झाली."

विषय तिथेच संपला, कारण आरती सुरू झाली. पण चार महिन्यांनी हाजीअलीच्या खडकांवर उकिडवी बसलेली असताना मला ती फ्रेम आठवली आणि पोटात गोळाच आला. कारण ती वनस्पती नव्हतीच. तो एक प्राणी होता. खरं म्हणजे हजारो प्राणी.

झाड नाही, दगड नाही, मग कोण?

'कोरल' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मालदीवची जाहिरात, निळंशार पाणी, ऊन, रंगीत मासे. माझंही तेच व्हायचं. ते खोटं नाही, पण ती या खानदानाची एकच शाखा आहे, फोटोजेनिक वाली.

प्रवाळाचं मूळ युनिट म्हणजे पॉलिप. एक छोटी मऊ पिशवी, वर एक तोंड, तोंडाभोवती बोटांसारख्या स्पर्शिका. पोट तेच, आणि बाहेर जायचा रस्ताही तोंडच. (हॉस्टेलच्या एका बाथरूमला चाळीस जण, तसं काहीसं.) स्पर्शिकांवर दंशपेशी असतात. पाण्यातून जाणारा सूक्ष्म जीव चिकटला की दंश, आणि तोंडात. काही पॉलिप एकटे राहतात. काही एकमेकांना जोडून वसाहत करतात आणि खाली सांगाडा बांधत जातात. आपण ज्याला 'कोरल' म्हणून शोकेसमध्ये ठेवतो तो हा सांगाडा, म्हणजे बिल्डिंग. रहिवासी केव्हाच गेलेले असतात.

ओळखायची सोपी खूण आकड्यांची. पॉलिपच्या आतले पडदे आणि स्पर्शिका सहाच्या पटीत असतील तर तो एक गट, आठ असतील तर दुसरा.

सहावाल्या गटात येतात दगडी प्रवाळं (ज्यांचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा), काळी प्रवाळं (ज्यांचा सांगाडा प्रथिन आणि कायटिनचा, शिंगासारखा चिवट) आणि त्यांचे बिनसांगाड्याचे भाऊबंद, म्हणजे समुद्रफुलं. काळ्या प्रवाळाची गंमत अशी की जिवंत असताना ते काळं दिसतच नाही. वरची कातडी केशरी, पिवळी, पांढरी असते. मेल्यावर ती गळून जाते आणि काळा सांगाडा उरतो.

आठवाल्या गटात समुद्रपंखे, मऊ प्रवाळं, चिखलात उभी राहणारी सी-पेन नावाची पिसासारखी मंडळी, आणि आपलं पोवळं. हो, आजीच्या अंगठीतलं मंगळाचं पोवळं! ते दगडी प्रवाळाचं नाही तर समुद्रपंख्याचं जवळचं नातेवाईक आहे.

बाजारात 'इंद्रजाल' म्हणून जे विकतात ते वाळवलेला समुद्रपंखा असतं किंवा काळं प्रवाळ. म्हणजे आत्याच्या दारावर आठवाल्या किंवा सहावाल्या कुटुंबातलं कोणीतरी टांगलेलं होतं, आणि आजीच्या बोटात आठवाल्यांपैकी एक. आमच्या घरात प्रवाळं होती, फक्त आम्हाला माहीत नव्हतं.

ज्यांना ऊन लागत नाही

आता मुख्य मुद्दा. उथळ पाण्यातली रीफ बांधणारी प्रवाळं स्वतःच्या पेशींमध्ये शैवाल पाळतात. शैवाल उन्हावर साखर बनवतं आणि मालकाला भाडं म्हणून देतं. प्रवाळाची बहुतेक गरज त्यातूनच भागते. म्हणून त्यांना स्वच्छ, उबदार, उजेडाचं पाणी लागतं. पाणी फार तापलं की शैवाल सोडून जातं, आणि आपण पेपरात 'ब्लीचिंग' वाचतो.

पण माहीत असलेल्या पाच हजारांच्या आसपास प्रवाळ प्रजातींपैकी जवळपास दोन-तृतीयांश ५० मीटरपेक्षा खोल पाण्यात सापडतात. ही मंडळी भाडेकरू ठेवत नाहीत. ऊन नाही तर नाही, वरून जे काही पडेल ते झेलून खातात. वरच्या थरातले मेलेले प्लवक, विष्ठा, कण असं सगळं सतत खाली झिरपत असतं. त्याला 'सागरी हिम' असं सुंदर नाव आहे. (वस्तू सुंदर नाही, नाव आहे.) काळी प्रवाळं तर आठ हजार मीटरपेक्षाही खोल सापडली आहेत. एव्हरेस्ट उलटं टांगलं तर शिखराच्या थोडं अलीकडे!

गंमत म्हणजे एकेकाळी शास्त्रज्ञांना वाटायचं की एवढ्या खाली काही जगूच शकत नाही. १८४३ मध्ये एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने मांडलं होतं की सुमारे ३०० फॅदम, म्हणजे ५५० मीटरखाली जीवसृष्टी नसावी. त्या कल्पनेला मोठा धक्का कोणी दिला? एका इंजिनियरने! (इथे सगळ्यांनी टाळ्या वाजवायला हरकत नाही.) १८६० मध्ये फ्लीमिंग जेन्किन हा इंजिनियर भूमध्य समुद्रातली, सार्डिनिया ते अल्जीरिया अशी तुटलेली टेलिग्राफ केबल वर काढत होता. सुमारे दोन हजार मीटर खोलीवरून आलेल्या तुकड्यावर एक कपाच्या आकाराचं प्रवाळ चिकटून वाढलेलं होतं. नुसतं अडकलेलं नाही, वाढलेलं. केबल किती साली टाकली ते माहीत, म्हणजे प्रवाळ तिथेच जन्मून तिथेच मोठं झालं हे सिद्ध. यापेक्षा स्वच्छ एक्स्पेरिमेंट आपल्या जर्नलमध्ये तरी मी केलेला नाही.

आपल्या भागातली खोल समुद्राची ओळख ज्या जहाजाने करून दिली त्याचं नाव 'इन्व्हेस्टिगेटर'. हे लाकडी, चाकांवर चालणारं वाफेचं सर्वेक्षण जहाज १८८१ मध्ये मुंबईच्या गोदीत बांधलं गेलं. काम किनाऱ्याचे नकाशे करायचं, पण सोबत एक डॉक्टर-निसर्गशास्त्रज्ञ असायचा. आल्फ्रेड अल्कॉक हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. अंदमान, लक्षद्वीपचा समुद्र, बंगालचा उपसागर अशा ठिकाणी जाळी टाकून जे वर आलं त्यातल्या खोल समुद्रातल्या दगडी प्रवाळांवर त्याने १८९८ मध्ये पुस्तक काढलं. फोर्ट भागातल्या गोदीत बांधलेल्या जहाजाने हिंदी महासागराच्या तळाची प्रवाळं जगाला दाखवली, हे मला कोणत्याच हिस्टरीच्या बुकात मिळालं नव्हतं.

पत्ता कसा ठरतो?

खोल समुद्रात जागाच जागा आहे, मग प्रवाळं सगळीकडे का नाहीत? हा प्रश्न आपल्या सिव्हिलच्या भाषेत जास्त बरा समजतो. साइट सिलेक्शनचे चार निकष आहेत.

एक, पाया. खोल समुद्राचा बहुतेक तळ बारीक चिखलाचा आहे. प्रवाळाच्या पिल्लाला चिकटायला खडक लागतो. म्हणून समुद्राखालचे डोंगर, कडे, दऱ्या, अगदी बुडालेली जहाजंसुद्धा त्यांना आवडतात. ज्यांनी चिखलच पत्करला त्यांनी फाउंडेशनचा प्रश्न सोडवलाय. सी-पेन आपला फुगीर देठ खोल रोवून उभी राहते, ती झाली पाइल फाउंडेशन. काही एकांडी दगडी प्रवाळं चपटी होऊन चिखलावर नुसती पडून राहतात, ती राफ्ट फाउंडेशन. फाउंडेशनच्या व्हायवाला हे उत्तर देऊ नका, पण तत्त्व तेच.

दोन, प्रवाह. प्रवाळ जागचं हलत नाही, म्हणजे जेवण घरपोच यायला हवं. जिथे पाणी वाहतं राहतं, तिथे अन्न येत राहतं आणि अंगावर गाळही बसत नाही. समुद्रपंखा पंख्यासारखा सपाट का असतो? साधारणपणे तो प्रवाहाला आडवा उभा राहतो, मासेमारीच्या जाळ्यासारखा.

तीन, रसायन. दगडी प्रवाळाचा सांगाडा अ‍ॅरागोनाइटचा, आणि थंडी व दाब वाढला की अ‍ॅरागोनाइट पाण्यात जास्त विरघळतं. म्हणजे एका खोलीनंतर बांधकाम सुरू असतानाच सिमेंट विरघळायला लागतं. उत्तर अटलांटिकमध्ये ही रेषा दोन हजार मीटरच्या खाली आहे, म्हणून तिथे खोल पाण्यातही दगडी प्रवाळांचे भलेमोठे रीफ आहेत. उत्तर पॅसिफिकमध्ये ती काहीशे मीटरवरच येते, म्हणून तिथे आठवाल्या मंडळींचं राज्य जास्त. आपण हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळतो आणि ही रेषा हळूहळू आणखी वर सरकते.

अटलांटिकचे रीफ म्हणजे किती मोठे? नॉर्वेजवळ ३०० ते ४०० मीटर खोलीवर २००२ मध्ये सापडलेला रॉस्ट रीफ ३५ किलोमीटरहून लांब आहे. बांधणारं प्रवाळ एकच, लोफेलिया (हल्ली त्याचं नाव बदलून डेस्मोफायलम झालंय). आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासमोरच्या ब्लेक पठारावरचा पट्टा, ज्याचा नकाशा २०२४ मध्ये जाहीर झाला, तो सुमारे ५०० किलोमीटर लांब आणि ११० किलोमीटर रुंद. मुंबई ते पणजी सरळ रेषेत चारशेच्या आसपास भरतं, यावरून अंदाज करा. एवढी मोठी वस्ती, कायम अंधारात, आणि आपल्याला तिचा पूर्ण आकार कळला तो सोनारने तळ मोजल्यावर.

चार, श्वास. हा निकष आपल्या अरबी समुद्रासाठी महत्त्वाचा. मान्सूनमुळे इथे वरच्या थरात प्लवकांचं पीक प्रचंड येतं. ते मेल्यावर खाली जाऊन कुजतं आणि कुजताना ऑक्सिजन खातं. उत्तरेला जमीन असल्यामुळे ताजं पाणी तिकडून आत येत नाही. परिणाम असा की साधारण १५० मीटरपासून हजार-बाराशे मीटरपर्यंत ऑक्सिजन अत्यंत कमी असलेला जाड पट्टा तयार झालाय, जगातल्या सगळ्यात मोठ्या पट्ट्यांपैकी एक. नॉर्वेत ज्या खोलीवर प्रवाळांची गर्दी, नेमक्या त्याच खोलीवर आपल्याकडे श्वास कोंडतो. पीक ट्रेनच्या सेकंड क्लासमध्ये दादरला चढायचा प्रयत्न करून बघा, मग कळेल.

म्हणजे महाराष्ट्रापुढे समुद्रात प्रवाळंच नाहीत का? आहेत. विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटर आत, समुद्रात बुडालेलं एक पठार आहे, आंग्रिया बँक. नाव कान्होजी आंग्रे यांच्यावरून. साधारण ४० किलोमीटर लांब आणि १५ रुंद, माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर. किनाऱ्याचा गाळ तिथपर्यंत पोचत नाही, पाणी नितळ, म्हणून तिथे उन्हावर जगणारी, भाडेकरूवाली प्रवाळं नांदतात. त्यांना गाळ नको म्हणून ती लांब गेली.

मग मुंबईचं काय? इथे तर पाणी म्हणजे चहा.

हाजीअलीचं बटण

हा प्रश्न मला पडला होता, म्हणूनच मी त्या दिवशी हाजीअलीला होते. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' नावाचा एक ग्रुप २०१७ पासून ओहोटीच्या वेळी लोकांना मुंबईच्या किनाऱ्यावर फिरवतो. आपल्या कॉलेजच्या एका सिनियरने सांगितलं म्हणून आम्ही पाच जण गेलो. पौर्णिमेच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ, पाणी लांब आत गेलेलं, काळे बेसॉल्टचे दगड उघडे, आणि वास... वासाबद्दल नको.

सोबतच्या ताईने एका खडकाच्या खालच्या कडेला टॉर्च मारला. "बघा."

आधी काहीच दिसलं नाही. मग दिसलं. शर्टाच्या बटणाएवढी, गोल, कडेने रेघारेघांची चकती. तिच्याशेजारी आणखी एक. टॉर्चच्या उजेडात मधला भाग ओलसर चमकत होता.

"हे कोरल," ती म्हणाली. "कप कोरल. याच्यात शैवाल नसतं, याला ऊन लागत नाही."

मला पटेना. मुंबईत कोरल? या पाण्यात? पण विचार केल्यावर सगळं जुळलं. खोल समुद्रात ऊन पोचत नाही कारण वर पाणी फार. मुंबईत ऊन पोचत नाही कारण पाण्यात गाळ फार, शिवाय सांडपाणी. अंधार तो अंधारच! ज्या घराण्यांनी शैवालाशिवाय जगायची विद्या शिकलीय, तीच घराणी दोन्ही ठिकाणी टिकतात. खोल समुद्रातली कितीतरी प्रवाळं ज्या प्रकारची, म्हणजे एकांडी, कपासारखी, बिनशैवालाची, तशीच ही हाजीअलीच्या दगडाखालची बटणं. जेन्किनच्या केबलवरचं प्रवाळही कपच होतं. (मुंबईत शैवालवाली प्रवाळंही काही आहेत, गढूळ पाणी सहन करणारी. त्यातल्या एकाला 'फॉल्स पिलो कोरल' म्हणतात. चिवटपणात मुंबईकरच.)

आणि मग ताईने जे सांगितलं ते ऐकून आम्ही सिव्हिलवाले जरा गप्प झालो.

कोस्टल रोड आपल्या डिपार्टमेंटचा लाडका विषय. प्रिन्सेस स्ट्रीटच्या फ्लायओव्हरपासून वरळीपर्यंत १०.५८ किलोमीटर, मलबार हिलखालून जुळे बोगदे, शंभर हेक्टरच्या वर भराव. त्याचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला. माझे स्वतःचे सेमिनारचे वीस मार्क त्यावर आलेत. माझ्या त्या प्रेझेंटेशनमध्ये टनेल बोरिंग मशीनला सहा स्लाइड होत्या आणि प्रवाळाला शून्य. कारण मला माहीतच नव्हतं की वरळी आणि हाजीअलीला याच भरावाच्या वाटेत प्रवाळांच्या १८ वसाहती सापडल्या होत्या. वन्यजीव कायद्याखाली परवानगी घेऊन, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली, २०२० च्या अखेरीस त्या उचलून दुसरीकडे नेल्या. काही वरळीलाच जवळ, काही कुलाब्याला नेव्ही नगरच्या बाजूला. त्यातली बहुतेक जगल्याचं पालिकेने नंतर सांगितलं.

बटणाएवढ्या प्राण्यासाठी हजारो कोटींच्या प्रकल्पाला अर्ज करून परवानगी घ्यावी लागली, हे वाचून काही जण हसतील. मीही आधी हसले असते. आणि हेही प्रामाणिकपणे लिहिते की मला तो रोड आवडतो. गिरगावहून वरळीला दहा मिनिटांत पोचल्यावर कोणाला वाईट वाटतं? पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. १८ ह्या सापडलेल्या वसाहती. दगडाखाली टॉर्च मारणारं कोणी नसतं तर तो आकडाही शून्यच राहिला असता, माझ्या स्लाइडसारखा.

त्यांचं घड्याळ, आपलं घड्याळ

यात खरी अडचण वेळेची आहे. आपलं घड्याळ सेमिस्टरचं, फार तर प्रोजेक्टच्या डेडलाइनचं. त्यांचं वेगळं.

भूमध्य समुद्रातलं लाल पोवळं जाडीला वर्षाला साधारण पाव-एक मिलिमीटर वाढतं. आजीच्या अंगठीतला मणी मी स्केलने मोजला, आठ मिलिमीटर. म्हणजे ते पोवळं कापलं तेव्हा निदान पंचवीस-तीस वर्षांचं होतं. माझ्यापेक्षा मोठं! इटलीच्या बाजूने भारतात पोवळी येणं हा तर दोन हजार वर्षांचा जुना धंदा. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी पुस्तकात भडोचला उतरणाऱ्या मालात प्रवाळ आहे. (पोवळं म्हणून स्वस्तात मिळतं ते पुष्कळदा रंगवलेलं बांबू कोरल असतं. तेही खोल समुद्रातलंच चुलत भावंड. म्हणजे ग्रह शांत होवो न होवो, प्रवाळ मात्र नक्की गेलेलं असतं.)

हे झालं भरभर वाढणारं. हवाईजवळ सुमारे ४०० मीटर खोलीवरच्या एका काळ्या प्रवाळाचं वय २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४,२६५ वर्षं निघालं. इजिप्तचा मोठा पिरॅमिड बांधून जेमतेम दोन-तीन शतकं झाली होती तेव्हा ते उगवलं, आणि मोजलं तेव्हाही जिवंत होतं. त्याचं खोड केसाच्या जाडीएवढं वाढायला दहा वर्षांहून जास्त लागतात.

आता या घड्याळासमोर ट्रॉलरची वजनदार जाळी ठेवा, तळावरून ओढत नेलेली. एक फेरा, काही मिनिटं. युरोपात स्कॉटलंडजवळचे डार्विन माउंड्स १९९८ मध्ये सापडले, आणि तोवर त्यांवरून जाळी फिरूनही गेली होती. २००३ मध्ये तिथे अशी मासेमारी बंद झाली. तुटलेला रीफ मासेमार मुद्दाम तोडत नाहीत, त्यांना मासे हवे असतात. पण रीफमध्ये मासे आसरा घेतात, म्हणून जाळी तिथेच जाते. समुद्रपंखे असेच जाळ्यात अडकून वर येतात. काही परत पाण्यात टाकले जातात, मेलेले. आणि काही वाळवून, लाल कापडावर लावून, फ्रेममध्ये बसतात.

पुन्हा लालबाग

सर्व दगडी प्रवाळं, सर्व काळी प्रवाळं आणि सर्व समुद्रपंखे २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाच्या रांगेत. पकडणं, विकणं, घेणं, बाळगणं, सगळं गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षं. आणि 'इंद्रजाल' मात्र पूजेच्या सामानात, वास्तूच्या दुकानात, 'दुर्मिळ वनस्पती' म्हणून मिळत राहतं. वनस्पती म्हटलं की घेणाऱ्याला शंकाच येत नाही. वाघाचं कातडं आत्याने कधी घेतलं असतं का? शक्यच नाही.

मी हे सगळं तिला सांगायला गेले तेव्हा घाबरले होते. कायदा सांगितला तर ती चिडेल, आणि श्रद्धेवर बोललं तर जास्त चिडेल. शेवटी मी काहीच भाषण केलं नाही. मोबाइलवर जिवंत समुद्रपंख्याचा व्हिडिओ लावला. पाण्यात डोलणारा पंखा, प्रत्येक फांदीवर शेकडो छोटी फुलं उघडलेली, प्रत्येक फुलाला आठ पाकळ्या.

"ही फुलं कसली गं?"

"फुलं नाहीत आत्या. तोंडं आहेत. जेवतायत."

आत्या बराच वेळ व्हिडिओ बघत राहिली. मग तिने मान वर करून फ्रेमकडे बघितलं. "म्हणजे हे जिवंत होतं?"

"हो."

"आणि आता पाण्यात सोडलं तर?"

"नाही आत्या. आता काही नाही होणार."

तिने काही उत्तर दिलं नाही. चहा टाकायला उठली. पुढच्या रविवारी गेले तेव्हा दारावर फ्रेम नव्हती. वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवली होती. "तुझ्या त्या वनखात्याच्या ऑफिसात विचार कसं द्यायचं ते," ती म्हणाली, "आणि शेजारच्या वहिनींना पण तो व्हिडिओ दाखव, त्यांच्याकडे याच्यापेक्षा मोठं आहे." खिळा अजून भिंतीत आहे. त्यावर काय लावायचं ते ठरलेलं नाही. मी हाजीअलीच्या बटणाचा फोटो सुचवलाय. आत्या म्हणते, "नजर लागायला ते दिसलं तर पाहिजे!"

तर होस्टेलवासी मित्रमैत्रिणींनो (आणि लेख इथवर वाचला असेल तर सर आणि मॅडम), एवढंच मागणं आहे. घरी गावाला कोणाकडे इंद्रजाल असेल तर हे सांगा, आणि नवीन कोणाला घेऊ देऊ नका. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ओहोटी बघून एकदा खडपावर चला. जुने, चांगली पकड असलेले बूट घाला, चप्पल नको. दगड उचललात तर अलगद, आणि जसा होता तसाच परत ठेवा, कारण खाली कोणाचं तरी छप्पर असतं. आणि सिव्हिलवाल्यांनो, उद्या तुमच्या-माझ्या हातात साइट येईल. सर्व्हे करताना एक टॉर्च खिशात ठेवा.

— टी. ई. सिव्हिल (शुद्धलेखन : आजी, गिरगाव)